नौकेवरील छोटा संगणक आणि बॅटरीचा हिशेब

लहान नौकेवर मार्ग आखण्यासाठी आणि चालू प्रवासावर लक्ष ठेवण्यासाठी रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक बसवण्याची पद्धत शिडाच्या नौका बाळगणाऱ्या हौशी दर्यावर्दींमध्ये, विशेषतः युरोप-अमेरिकेत, चांगलीच रुजली आहे. अशा संगणकावर बहुधा दोन कामे चालतात. पहिले काम सागरी नकाशे पडद्यावर दाखवून त्यांवर नौकेचे स्थान उमटवण्याचे असून त्यासाठी ओपनसीपीएन हे विनामूल्य सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. दुसरे काम जीपीएस, वातमापक, खोलीमापक आणि होकायंत्र यांच्याकडून येणारी माहिती एकत्र करून ती नौकेवरील इतर उपकरणांना वाटण्याचे असून ते सिग्नल के या मुक्त प्रणालीचा सर्व्हर करतो. तयार चार्टप्लॉटरच्या, म्हणजे सागरी नकाशा दाखवणाऱ्या आयत्या उपकरणाच्या, तुलनेत हा संच स्वस्त पडतो आणि त्यात हवे तसे बदल करता येतात, हे खरे असले तरी चार्टप्लॉटरच्या निर्मात्याने वीजवापराचा जो विचार कारखान्यातच केलेला असतो, तो येथे नौकाधारकाला स्वतः करावा लागतो.

घरात वा कार्यालयात पाच-दहा वॅटची दखल कोणी घेत नाही, परंतु नांगरावर उभ्या असलेल्या नौकेवर वीज येते ती बॅटरीतून, आणि त्या बॅटरीत ती भरली जाते इंजिनाच्या अल्टरनेटरमधून किंवा डेकवरील सौर पॅनेलमधून. प्रवासदिवे, शीतपेटी, पाण्याचा पंप, व्हीएचएफ संच आणि स्वयंचलित सुकाणू हे सर्व त्याच बॅटरीचे वाटेकरी असतात. यांतील बहुतेक उपकरणे अधूनमधून चालतात, संगणक मात्र चोवीस तास चालू राहतो, आणि म्हणूनच त्याची भूक दिसायला लहान असूनही दिवसाअखेरच्या बेरजेत ती मोठी ठरते.

ही बेरीज मांडण्यासाठी दोन परिमाणे पुरेशी आहेत. वॅट हे वीज खर्च होण्याच्या वेगाचे माप आहे, तर अँपिअर-तास हे बॅटरीत साठवलेल्या विजेचे व्यवहारातील माप आहे. वॅटला तासांनी गुणून येणाऱ्या वॅट-तासांना बॅटरीच्या व्होल्टेजने, म्हणजे सामान्यतः १२ ने, भागले की अँपिअर-तास मिळतात. उदाहरणादाखल, ओपनसीपीएन चालवणारा रास्पबेरी पाय ४ सरासरी साडेचार वॅट, जहाजांकडून प्रसारित होणारे एआयएस संदेश पकडण्यासाठी जोडलेला यूएसबी रेडिओ दीड वॅट आणि यूएसबी जीपीएस ०.३ वॅट घेतो असे धरले, तर ५ व्होल्टच्या बाजूला ६.३ वॅट लागतात. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे साधन ८० टक्के कार्यक्षम असेल तर बॅटरीतून त्यासाठी सुमारे ७.९ वॅट निघतात; त्यात सात वॅटचा दहा इंची मॉनिटर मिळवला की एकूण १५ वॅट होतात. चोवीस तासांत हे ३६० वॅट-तास, म्हणजे ३० अँपिअर-तास झाले. शिसे-आम्ल प्रकारची १०० अँपिअर-तासांची बॅटरी दीर्घायुषी ठेवायची असेल तर तिच्यातील निम्मीच वीज वापरावी असा संकेत आहे, म्हणजे उपलब्ध पन्नासपैकी तीस अँपिअर-तास एकटा संगणक घेऊन जातो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतून ऐंशी-नव्वद टक्के वीज काढता येत असल्यामुळे तेथे ही टोचणी कमी जाणवते. संपलेली वीज पुन्हा भरण्याचे काम मात्र तेथेही तेवढेच राहते.

वीज वाचवण्याचा विषय निघाला की बहुतेकांचे लक्ष प्रथम प्रोसेसरकडे जाते आणि त्याचा वेग कमी करण्याच्या, त्यातील गाभे बंद करण्याच्या युक्त्या शोधल्या जातात. वरील आकडेमोड नीट पाहिली तर हा क्रम उलटा असल्याचे लक्षात येते, कारण पंधरा वॅटमध्ये सर्वांत मोठा वाटा पडद्याचा आहे, व्होल्टेज उतरवण्यात वाया गेलेली वीज यूएसबी रेडिओच्या वापरापेक्षाही अधिक आहे, आणि प्रोसेसरच्या वेगाशी खेळून हाती लागणारी बचत या दोहोंपुढे किरकोळ आहे. म्हणून प्रथम वीज येण्याचा मार्ग, मग पडदा, मग जोडलेली उपकरणे, त्यानंतर संगणकाची निवड आणि अगदी शेवटी त्याच्या अंतर्गत मांडण्या, अशा क्रमाने काम करणे श्रेयस्कर ठरते.

त्याआधी मोजणी हवी. बाजारात मिळणारा यूएसबी वीजमापक संगणक आणि त्याची तार यांच्यामध्ये लावला की ५ व्होल्टच्या बाजूचा वापर कळतो, पण रूपांतरणातील नुकसान त्यात दिसत नाही. त्यामुळे खरी मोजणी १२ व्होल्टच्या बाजूला, फ्यूजच्या पुढे, एकदिश प्रवाह मोजू शकणाऱ्या क्लॅम्प मीटरने किंवा शंटने करावी. शंट म्हणजे ज्याचा रोध अचूक माहीत आहे असा धातूचा लहान तुकडा, ज्यावर पडणाऱ्या सूक्ष्म व्होल्टेजवरून प्रवाह काढला जातो. आयएनए२१९ किंवा आयएनए२२६ या स्वस्त चिप याच तत्त्वावर चालतात आणि त्यांचे आकडे सिग्नल केमध्ये आणून त्यांची नोंदही ठेवता येते. एका क्षणाचा आकडा फसवा असतो, कारण नकाशा सरकवताना वापर वाढतो व नंतर खाली येतो. म्हणून पूर्ण चोवीस तासांचे वॅट-तास मोजावेत आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे.

रूपांतरणाच्या बाबतीत सर्वांत वाईट मार्ग इन्व्हर्टरचा आहे. बॅटरीतील १२ व्होल्टचे २३० व्होल्ट प्रत्यावर्ती करायचे आणि भिंतीतील प्लगसाठी बनवलेल्या अडॅप्टरने त्याचे पुन्हा ५ व्होल्ट करायचे, यात वीज दोनदा गळते, शिवाय इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी काही वॅट स्वतःच खातो, जे कधीकधी संगणकाच्या वापराएवढे भरतात. दुसरी चूक रेषीय नियंत्रकाची, म्हणजे ७८०५ सारख्या तीन पायांच्या चिपची होय. ती नको असलेले व्होल्टेज उष्णतेच्या रूपात जाळते, त्यामुळे १२ चे ५ करताना तिची कार्यक्षमता गणितानेच ४२ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. योग्य साधन म्हणजे बक कन्व्हर्टर, जो प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून गुंडाळीच्या साहाय्याने व्होल्टेज उतरवतो आणि चांगल्या प्रतीचा असल्यास ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता देतो.

बक कन्व्हर्टर निवडताना कार्यक्षमतेचा छापील आकडा पुरेसा नसतो. पाच अँपिअरसाठी बनवलेले साधन अर्ध्या अँपिअरवर चालवले तर त्याची कार्यक्षमता घसरते, म्हणून प्रत्यक्ष भाराच्या जवळची क्षमता घ्यावी, पण सुरू होतानाचा जादा प्रवाह पुरेल एवढी मोकळीक ठेवावी. नौकेवरील १२ व्होल्ट हे नाममात्र असतात. चार्जिंगच्या वेळी ते १४.४ च्या आसपास जातात, इंजिन सुरू होताना खाली कोसळतात, आणि अल्टरनेटरमुळे क्षणिक उसळ्या येतात. तेव्हा ३० व्होल्ट किंवा त्याहून अधिक इनपुट सहन करणारे आणि उसळ्यांपासून संरक्षण असलेले साधनच बसवावे, व बॅटरीकडील धन तारेवर दोन-तीन अँपिअरचा फ्यूज न विसरता घालावा. आणखी एक मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. स्वस्त बक कन्व्हर्टर रेडिओ गोंगाट पसरवतात, आणि एआयएसच्या १६१.९७५ व १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर तो गोंगाट आला तर दूरच्या जहाजांचे क्षीण संदेश त्यात बुडून जातात. संगणक चालू केल्यावर पडद्यावरील जहाजांची संख्या घटते का, किंवा व्हीएचएफवरील खरखर वाढते का, हे पाहणे ही त्याची सोपी चाचणी आहे. वीज वाचवून ऐकण्याची शक्ती गमावली तर तो सौदा तोट्याचा आहे, आणि अशा वेळी फेराइटची कडी बसवावी, साधन अँटेनाच्या तारेपासून दूर न्यावे किंवा सरळ बदलावे.

तारांचाही यात वाटा असतो. पाव ओहम रोधाच्या बारीक यूएसबी तारेतून दोन अँपिअर गेले तर अर्धा व्होल्ट तारेतच पडतो. रास्पबेरी पायला ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर अपुऱ्या व्होल्टेजची सूचना मिळते, पडद्यावर विजेचे चिन्ह झळकते आणि संगणक अडखळू लागतो. त्यामुळे लांबचे अंतर १२ व्होल्टच्या जाड तारेने कापावे आणि बक कन्व्हर्टर संगणकाला लागूनच, हातभराच्या आत ठेवावा. धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे त्यांचे चुंबकीय क्षेत्र बऱ्याच अंशी परस्परांना रद्द करते आणि जवळच्या होकायंत्राची सुई ढळत नाही.

पडद्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ओपनसीपीएनमध्ये रात्रीसाठी काळपट रंगसंगती असते आणि ती लावल्याने वीज वाचते असे मानले जाते. परंतु सर्वसाधारण एलसीडी पडद्यात प्रकाश मागील दिव्यांतून येतो आणि समोरचे कण तो केवळ अडवतात, त्यामुळे चित्र काळे झाले तरी मागचे दिवे पूर्ण तेजाने जळतच राहतात. बचत होते ती मागील दिव्यांचे तेज कमी केल्यावर. चित्र काळे केल्याने वीज वाचण्याचा नियम प्रत्येक कण स्वतः प्रकाशणाऱ्या ओएलईडी पडद्यालाच लागू पडतो. रात्रीच्या पहाऱ्यावर डोळ्यांना अंधाराची सवय टिकावी म्हणूनही मागील दिवे मंद करणे आवश्यक असतेच, म्हणजे येथे वीज आणि दृष्टी या दोहोंचे हित एकच आहे. दिवसा मात्र परिस्थिती उलट होते: उघड्या सुकाणूपाशी उन्हात वाचता येण्यासाठी हजार निट किंवा त्याहून अधिक तेजाचा पडदा लागतो आणि तो भरपूर वीज घेतो. निट हे पडद्याच्या तेजाचे एकक असून घरगुती मॉनिटर साधारणपणे अडीचशे-तीनशे निटचा असतो. तेज वाढवण्याऐवजी पडद्यावर सावलीची झडप बसवणे किंवा तो केबिनच्या जिन्याच्या आडोशाला ठेवणे हा स्वस्त आणि अनेकदा अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

एचडीएमआय मॉनिटर विकत घेताना त्याचा १२ व्होल्टवर थेट चालण्याचा गुण तपासावा, म्हणजे त्याच्यासाठी वेगळे रूपांतरण लागत नाही. मात्र त्याची इनपुट मर्यादा चार्जिंगच्या वेळच्या १४.४ व्होल्टला पुरते का, हेही त्याच वेळी पाहावे. संगणकाने चित्र पाठवणे थांबवले की काही मॉनिटर खरोखर झोपतात, तर काही ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकावत दिवे चालूच ठेवतात. दुसऱ्या प्रकारच्या मॉनिटरला साधे बटण लावून त्याची वीजच तोडणे बरे. रास्पबेरी पायसाठी बनवलेला सात इंची स्पर्शपडदा दोन-तीन वॅटमध्ये चालतो आणि त्याचे मागील दिवे सॉफ्टवेअरमधून मंद वा बंद करता येतात, त्यामुळे लहान नौकेच्या नकाशाच्या टेबलासाठी तो पुरेसा आहे. केवळ स्थान, वेग, दिशा आणि खोली एवढेच आकडे हवे असतील तर ई-शाईचा पडदा उत्तम, कारण तो चित्र बदलतानाच वीज घेतो आणि उन्हात अधिक स्पष्ट दिसतो. नकाशा सरकवण्यासाठी मात्र त्याचा संथपणा अडचणीचा आहे.

सर्वांत मोठी बचत पडदाच काढून टाकण्यात आहे. संगणक पडद्याविना ठेवायचा, त्याच्यावर केवळ सिग्नल केचा सर्व्हर चालवायचा, आणि नकाशा पाहण्यासाठी नौकेवर आधीच असलेला मोबाइल किंवा टॅबलेट वायफायने जोडायचा, अशी ही मांडणी आहे. अँड्रॉइडवर ओपनसीपीएन चालते आणि सिग्नल केचे फ्रीबोर्ड हे नकाशादर्शक ब्राउझरमध्येच उघडते. टॅबलेटचीही वीज शेवटी त्याच बॅटरीतून भरली जाते हे हिशेबात धरले पाहिजे, परंतु तो गरजेपुरता उघडला जातो आणि एरवी झोपलेला राहतो, हा त्याचा खरा लाभ आहे. उन्हात तापून टॅबलेट अचानक बंद पडतो आणि ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही, या दोन दोषांमुळे किनाऱ्याजवळील खडकाळ पाण्यात एकट्या टॅबलेटवर विसंबू नये.

जोडलेल्या उपकरणांत एआयएस ग्राहकाकडे सर्वप्रथम पाहावे. एआयएस म्हणजे जहाजे आपली ओळख, स्थान, दिशा आणि वेग व्हीएचएफ लहरींवरून आपोआप प्रसारित करतात ती यंत्रणा होय. हे संदेश पकडण्यासाठी अनेक जण दूरदर्शन ग्रहणासाठी बनवलेला स्वस्त यूएसबी रेडिओ वापरतात, ज्यात लहरींवरून संदेश वेगळा काढण्याचे सारे काम संगणकाच्या प्रोसेसरवर पडते. रेडिओ स्वतः दीड वॅटच्या आसपास घेतो आणि वर प्रोसेसरला सतत जागे ठेवतो. याउलट केवळ एआयएससाठी बनवलेला लहान ग्राहक तेच काम वॅटच्या काही दशांशांत करतो आणि तयार वाक्ये सीरियल जोडणीवरून देतो. किमतीतील फरक एकदाच सोसावा लागतो, विजेतील फरक मात्र रोज पदरी पडतो. जीपीएसचेही तसेच आहे: यूएसबीऐवजी संगणकाच्या पिनांना थेट जोडलेला साधा जीपीएस मॉड्यूल बहुधा ०.२ वॅटपेक्षा कमी वीज घेतो, आणि सेकंदाला एकदा स्थान मिळणे पाच-सहा नॉटने चालणाऱ्या नौकेला पुरेसे असते. सेकंदाला दहा वेळा स्थान मागितल्याने मार्ग अधिक अचूक होत नाही, मॉड्यूलचा आणि पुढील सर्व सॉफ्टवेअरचा भार तेवढा वाढतो. सागरी उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या जुन्या एनएमईए ०१८३ पद्धतीच्या उपकरणांसाठी प्रत्येकी एक यूएसबी रूपांतरक आणि त्या सर्वांसाठी एक यूएसबी हब अशी जुळणी टाळून, नवीन नौकेवर एनएमईए २००० या २५० किलोबिट वेगाच्या सामायिक वाहिनीला एकाच लहान कॅन चिपमार्फत जोडून घेणे सुटसुटीत आणि कमी खर्चाचे पडते.

संगणकाच्या निवडीत नव्याचा मोह आवरावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ५ हा पाय ४ पेक्षा बराच वेगवान आहे, पण पूर्ण भाराखाली तो अधिक वीज घेतो, आणि यूएसबी उपकरणांना पूर्ण प्रवाह देण्यासाठी त्याला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा पुरवठा अपेक्षित असतो. एक नकाशा आणि दहा-वीस जहाजे दाखवण्यासाठी ही ताकद अनावश्यक आहे. नकाशा संगणकावरच दाखवायचा असेल तर पाय ४ पुरेसा असून त्याचा विसाव्याचा वापर तीन वॅटच्या खाली राहतो. पडदाविरहित सर्व्हरसाठी २०२१ मधील झीरो २ डब्ल्यू विचारात घ्यावा, जो विसाव्यात एका वॅटपेक्षाही कमी घेतो. मात्र त्याची स्मृती ५१२ मेगाबाइटच असल्याने त्यावर सिग्नल केचा सर्व्हर मोजक्या जोडण्यांसह चालवावा आणि आलेख, दीर्घ नोंदी, हवामानाचे नकाशे असा पसारा त्यावर लादू नये. जुना लॅपटॉप फुकट मिळाला तरी त्याची वीस-तीस वॅटची भूक समुद्रावर फुकट राहत नाही.

प्रोसेसरच्या मांडण्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. आधुनिक प्रोसेसर काम नसताना आपला वेग आपोआप उतरवतो, म्हणून कमाल वेगावर मर्यादा घातल्याने विसाव्यातील वापर फारसा बदलत नाही. भार सतत असेल तेव्हाच त्याचा उपयोग होतो. वायफाय वा ब्लूटूथ लागत नसल्यास बूट विभागातील कॉन्फिग फाइलमध्ये ते बंद करावेत, पडदा नसल्यास एचडीएमआय बंद करावे, आणि आलेखी डेस्कटॉप न उघडता संगणक थेट सर्व्हर म्हणून सुरू करावा. या सर्वांची बेरीज वॅटच्या काही दशांशांची असते. कुठलाही खर्च न करता मिळणारी बचत म्हणून ती घ्यावी, पण तिच्यासाठी संध्याकाळ खर्ची घालण्याचे कारण नाही.

सॉफ्टवेअरचे वर्तन मात्र तपासण्यासारखे असते. प्रोसेसर कशात गुंतला आहे हे दाखवणारी सूची उघडली तर बहुधा नकाशाचा कार्यक्रम निर्दोष निघतो आणि फिरत्या काट्यांची घड्याळे रंगवणारा ब्राउझर, किंवा कधीतरी हौसेने बसवलेला आणि नंतर कोणीही न पाहिलेला नोंदींचा डेटाबेस दोषी सापडतो. ओपनसीपीएनमध्ये ओपनजीएल चालू ठेवल्यास नकाशा रंगवण्याचे काम चित्रप्रोसेसरकडे जाते आणि मुख्य प्रोसेसर मोकळा राहतो; नौकेच्या दिशेप्रमाणे नकाशा फिरवत ठेवण्याऐवजी उत्तर वर ठेवली तर पडदा वारंवार नव्याने रंगवावा लागत नाही. सिग्नल केमध्येही दिशादर्शकाकडून सेकंदाला दहा वेळा येणारी माहिती सर्व ग्राहकांना तशीच न पाठवता एकदा-दोनदा पाठवावी. तिच्यावर प्रत्यक्ष अवलंबून असलेले स्वयंचलित सुकाणू बहुधा एनएमईए २००० वरूनच ती थेट घेत असते, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही.

या सर्व सूचना अमलात आल्या तर वरील उदाहरणातील हिशेब असा पालटतो: पडद्याविना चालणारा पाय ४ तीन वॅट, स्वतंत्र एआयएस ग्राहक आणि पिनांवरील जीपीएस मिळून ०.४ वॅट, रूपांतरण ९० टक्के कार्यक्षम. म्हणजे बॅटरीतून ३.८ वॅट आणि दिवसाला सुमारे साडेसात अँपिअर-तास. सात इंची पडदा रोज सहा तास लावला तर त्यात पावणेदोन अँपिअर-तासांची भर पडते. तीसवरून सव्वानऊवर आलेला हा आकडा ५० वॅटचे सौर पॅनेल निरभ्र दिवशी सहज भरून काढते, आणि झीरो २ डब्ल्यू वापरल्यास तो आणखी निम्म्याने खाली येतो.

नांगरावरील रात्रीचा विचार वेगळा करावा लागतो. त्या वेळी नकाशा नको असतो, नौका ठरावीक वर्तुळाबाहेर सरकली तर घंटा वाजली एवढेच हवे असते, आणि त्यासाठी पूर्ण संगणक जागा ठेवणे म्हणजे अतिरेक होय. ईएसपी३२ हा वायफाय असलेला सूक्ष्मनियंत्रक, जीपीएस मॉड्यूल आणि भोंगा एवढ्यांत हे काम अर्ध्या वॅटच्या आसपास होते, आणि वायफाय बंद ठेवल्यास त्याहूनही कमी विजेत. रास्पबेरी पायला लॅपटॉपसारखी झोपेची अवस्था नसते, त्यामुळे तो एकतर पूर्ण चालू असतो किंवा बंद. ही उणीव अशा जोडसाथीदाराने भरून निघते, कारण मोठा संगणक बंद करून रात्र छोट्या साधनावर काढता येते.

बंद करण्यातही एक मेख आहे. शटडाउनची आज्ञा दिल्यानंतर रास्पबेरी पाय वीज घेणे पूर्णपणे थांबवतोच असे नाही. मॉडेल आणि बूटलोडरच्या मांडणीनुसार काही दशांश वॅटपासून दीडएक वॅटपर्यंत वापर चालू राहू शकतो, आणि पाय ५ मध्ये तो खाली आणण्यासाठी बूटलोडरमधील वीजबंदीची नोंद मुद्दाम बदलावी लागते. सरळ बटण दाबून वीज तोडली तर मेमरी कार्डावरील लेखन अर्धवट राहून प्रणाली पुन्हा सुरू न होण्याचा धोका असतो. म्हणून आधी शटडाउन, मग काही सेकंदांच्या विलंबाने रिलेद्वारे बक कन्व्हर्टरचीच वीज तोडणे, असा क्रम असलेले बटण बसवावे. बॅटरीचे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर संगणकाने स्वतःच हा क्रम पार पाडावा, अशीही सोय करता येते. कार्ड केवळ वाचनासाठी उघडणारी मांडणी केली तर हा धोका बराच घटतो.

कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आणि नौकेवर याचे महत्त्व विजेपेक्षा कमी नाही. दहा वॅट जाळणाऱ्या संगणकाला पंखा आणि हवेची छिद्रे लागतात, आणि त्या छिद्रांतून खारट दमट हवा आत जाऊन तांब्याच्या जोडण्या हिरव्या पडतात. तीन वॅटचा संगणक मात्र ॲल्युमिनियमच्या बंद डबीत, पंख्याविना, डबीच्याच अंगाने उष्णता बाहेर टाकत चालू शकतो. एप्रिल-मेमध्ये कोकण किनाऱ्यावर बंद केबिनमधील तापमान पाहता प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे जाऊन स्वतःचा वेग उतरवू लागणे अशक्य नसते, म्हणून डबी इंजिनाच्या भिंतीपासून आणि काचेखालच्या उन्हापासून दूर लावावी.

बचतीला मर्यादाही आहेत. चालू प्रवासात जीपीएस, एआयएस ग्राहक आणि प्रवासदिवे यांना हात लावू नये, आणि असा घरी जुळवलेला संगणक मान्यताप्राप्त उपकरणांचा पर्याय मानू नये. भारतात २० मीटरहून लांब मासेमारी नौकांवर एआयएस बंधनकारक आहे, आणि लहान यांत्रिक नौकांसाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावरील उपग्रह ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे झाला. तांडेलाच्या हाती असलेला असा संच संगणकाच्या वीजपुरवठ्यापासून स्वतंत्र फ्यूजवर ठेवावा, म्हणजे एकाचा बिघाड दुसऱ्याला मुका करणार नाही. भारतीय किनाऱ्याचे अधिकृत सागरी नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय प्रसिद्ध करते, आणि खाड्यांच्या मुखाशी सरकणाऱ्या वाळूच्या दांड्यांचा विचार करता नकाशाची आवृत्ती ताजी आहे का, हे पाहण्यात कसूर करू नये.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत नौका ओढून ठेवलेली असते आणि त्याच काळात दुर्लक्षित जोडण्या बॅटरी मारतात. बंद संगणकाच्या मागे जोडलेला राहिलेला बक कन्व्हर्टर, त्यावरचा लाल दिवा आणि व्होल्टेज दाखवणारी छोटी पट्टी मिळून केवळ १० मिलिअँपिअर घेत असतील, तरी ६१ दिवसांत ते साडेचौदा अँपिअर-तास होतात, आणि शिसे-आम्ल बॅटरीचे स्वतःचे झिरपणे त्यावर वेगळे. त्यामुळे नौका ओढल्यावर बॅटरीचे मुख्य बटण बंद करावे, संगणक डबीसह काढून घरी कोरड्या जागी ठेवावा आणि कार्डाची एक प्रत करून घ्यावी. हंगामाच्या आरंभी जीपीएसला उपग्रहांची शिळी झालेली माहिती नव्याने गोळा करावी लागत असल्याने पहिले स्थान मिळायला काही मिनिटे लागू शकतात. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत स्वतंत्र घड्याळ नसते, पाय ५ मध्ये ते असले तरी बॅटरी जोडल्याशिवाय वीज तुटल्यावर टिकत नाही. त्यामुळे संगणकाची वेळ जीपीएसवरून लावण्याची मांडणी आधीच करून ठेवावी, अन्यथा ओपनसीपीएनमधील भरती-ओहोटीची गणिते चुकीच्या तारखेची निघतात, आणि वीज वाचवण्यासाठी संगणक वारंवार बंद करणाऱ्या नौकेवर ही चूक प्रत्येक वेळी नव्याने घडते.